वाचून दाखवलं, बरोबर आहे

धारवाडला डॉक्युमेंटरीवाले आले की पहिला फोन मला येतो. गाडी, जेवण, परवानग्या, कुणाच्या अंगणात किती वाजता ऊन येतं, कुठले आजोबा दुपारी झोपतात, हे सगळं मी सांभाळतो. वीस वर्षं झाली. येणाऱ्यांपैकी निम्म्यांना तंबोरा, पाऊस आणि पेढा एवढंच हवं असतं. उरलेल्यांना गरिबी हवी असते, तीही शक्यतो सकाळच्या कोवळ्या उन्हात. मी दोन्ही दाखवतो आणि मनातल्या मनात चिडतो. पण ज्यांच्याविषयी सांगायला बसलोय ते मुकुंदराव कुठल्याच फिल्ममध्ये दिसत नाहीत. त्यांचं नाव अगदी शेवटी सरकणाऱ्या पाट्यांमध्ये येतं, आणि तोवर लोक चपला शोधायला लागलेले असतात.

मुकुंदराव चौतीस वर्षं धारवाडच्या कोर्टात स्टेनो होते. साक्षीदार बोलायचा, हे टिपायचे. घरात मराठी, कोर्टात कन्नड, टाइपरायटरवर इंग्रजी, आणि तिन्हींत एकही शब्द गाळलेला नाही अशी ख्याती. निवृत्त झाल्यावर दोन वर्षांत बायको, शकुंतला, गेली. मुलगी स्मृती बेंगळुरूत असते. दर रविवारी फोन करते, जेवलात का विचारते, हे जेवलो म्हणतात, आणि मग दोघंही पुढचं काही सुचण्याची वाट बघतात. केलगेरीच्या तळ्याजवळचं घर मोठं नाही, पण एका माणसाला ते मोठंच पडतं.

त्यांना या कामात मीच ओढलं. फिल्मवाले चाळीस चाळीस तासांच्या मुलाखती घेतात आणि त्यातली चाळीस मिनिटं वापरतात. कोण कुठं काय बोललं हे सापडावं म्हणून सगळं बोलणं कुणीतरी शब्दन् शब्द लिहून काढावं लागतं. आमच्याकडची माणसं एका वाक्यात मराठीत शिरतात आणि कन्नडमधून बाहेर पडतात. पुण्या-मुंबईची हुशार पोरं तिथं हात टेकतात. मुकुंदरावांना हे पाण्यासारखं सोपं होतं. टाइपरायटरच्या जुन्या टेबलावर लॅपटॉप आला, कानांवर हेडफोन आले, आणि पहिल्याच फिल्मची पानं बघून मी कपाळाला हात लावला. मुलाखत देणाऱ्याला त्यांनी सगळीकडे ‘साक्षीदार’ म्हटलं होतं. साक्षीदार खोकतो. साक्षीदार गप्प. बाहेर कोंबडा. साक्षीदार हसते, पण डोळे पुसल्याचा आवाज येतो. मी म्हटलं, काका, डोळे पुसल्याचा आवाज कसा असतो? ते म्हणाले, बांगडी वर सरकते ना.

ही पानं आली की संकलन करणारे खूश असायचे. मला मात्र कधीकधी काळजी वाटायची. मुकुंदराव त्या आवाजांबरोबर राहायला लागले होते. एकदा आम्ही बाजारात भाजी घेत होतो. समोरून एक तबलजी आले. त्यांचे सहा तास मुकुंदरावांनी लिहिले होते. हे लगबगीनं पुढे गेले आणि विचारलं, गुडघा कसा आहे, आणि भावाशी पुन्हा बोलणं सुरू झालं का? त्या बिचाऱ्यानं यांना आयुष्यात पाहिलं नव्हतं. तो पिशवी छातीशी धरून दोन पावलं मागे सरकला. मुकुंदराव तोंडात मारल्यासारखे उभे राहिले. आम्ही घरी परतलो. मग जिन्यावर म्हणाले, मला किती माणसं ओळखता येतात, आणि मला ओळखणारं एकही नाही. मी विषय बदलला. असल्या वेळी मी नेहमीच विषय बदलतो.

कोर्टाची आणखी एक सवय त्यांना सुटत नव्हती. कोर्टात साक्ष टाइप झाली की ती साक्षीदाराला वाचून दाखवतात. मग खाली शेवटची ओळ येते, ‘ओदि केळिदे, सरि इदे’, म्हणजे वाचून दाखवलं, ऐकलं, बरोबर आहे. त्याखाली सही. तोवर साक्ष पुरी होत नाही. फिल्मच्या धंद्यात असलं काही नसतं. माणूस बोलतो, आपण बाडबिस्तरा आवरून निघतो, आणि वर्षभरानं तो स्वतःला पडद्यावर बघतो, तेही कुणी बोलावलं तर. मुकुंदराव प्रत्येक कामाच्या वेळी विचारायचे, यांना वाचून कधी दाखवायचं? मी म्हणायचो, काका, वेळ नाही. ते मान हलवायचे आणि शेवटच्या पानावर सहीची जागा तरीही मोकळी सोडायचे.

मागच्या वर्षाच्या आधीच्या उन्हाळ्यात पुण्याहून वेदश्री आली. तिशीची, कामाला वाघीण. हुबळीला रेल्वे कारखान्यामागच्या वस्तीत बौद्ध समाजातल्या सात बायकांची एक गायन पार्टी होती. कोळसा वाहणाऱ्या, साफसफाई करणाऱ्या बायका. एप्रिलात, डिसेंबरात, कुणाच्या घरी पोरगी मॅट्रिक झाली तर तेव्हाही, या उभ्यानं गायच्या. गाणी रायव्वा नावाची बाई बांधायची. सहीपलीकडे लिहिता कुणालाच येत नव्हतं, तेव्हा गाणी सगळी सात डोक्यांत. त्यांतली सहा डोकी आता राहिली नव्हती. रायव्वाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. उरली ती एकटी लक्कव्वा, अठ्ठ्याहत्तर वर्षांची. वेदश्रीची फिल्म तिच्यावर होती.

लक्कव्वा दोन दिवस बोलली आणि तिसऱ्या दिवशी गायली. रायव्वाचं कोळशाचं गाणं, सगळ्यात गाजलेलं. तीन कडवी. दुसरं कडवं असं:

शिटी झाली पहाटेची, भाकर बांधली गं
अंधारात वाट माझी मीच शोधली गं

आणि तिसरं:

लेक शिकली, पत्र आलं, वाचून दाविलं गं
काळ्या माझ्या हातावरी नाव लिहिलं गं

तिसऱ्या कडव्याला वेदश्रीच्या डोळ्यांत पाणी आलं. फिल्मचा शेवट सापडला म्हणून सगळे हवेत होते. त्या गडबडीत लक्कव्वाच्या पदराला लावलेला छोटा माईक काढायचा राहिला. काढायचं माझ्यावर सोपवलं होतं. मी ओट्यावर बसून चहा पीत होतो.

पुढच्या आठवड्यात मुकुंदरावांकडून पानं यायची होती. आली नाहीत. असं कधी झालं नव्हतं, म्हणून मी केलगेरीला गेलो. लॅपटॉप उघडा, हेडफोन टेबलावर, आणि मुकुंदराव खिडकीत. मला बसवून त्यांनी हेडफोन माझ्या कानांवर चढवले.

लक्कव्वा स्वयंपाकघरात गेली होती. भांड्यांचे आवाज. सून राणी कन्नड बोलणाऱ्या घरातली, म्हणून सासू-सुनेचं बोलणं कन्नडमध्ये. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांपैकी कुणाला ते कळलंही नसतं. लक्कव्वा म्हणत होती की तिसरं कडवं तिला आठवलंच नाही. गाता गाता समोर भिंत आल्यासारखं झालं, एवढी माणसं ताटकळलेली, म्हणून तिथल्या तिथं जुळवून म्हणून टाकलं. राणी म्हणाली, कुणाला कळलं नाही. मग बराच वेळ नळाचा आवाज. मग लक्कव्वा म्हणाली, तेच तर. साती जणी असत्या तर रायव्वानं पाठीत धपका घातला असता. आता चुकलं तरी टोकायला कोण आहे?

मी हेडफोन काढले. मुकुंदराव म्हणाले, “हे लिहिलं तर मी चहाडी केली. नाही लिहिलं तर मी खोटं रेकॉर्ड केलं. चौतीस वर्षांत मी एक शब्द गाळलेला नाही, किरण. सांग, काय करू?”

खरं सांगतो, मी म्हटलं सोडून द्या. माईक चुकून राहिला होता, ती बाई आपल्या घरात आपल्या सुनेशी बोलत होती, आपल्याला काय करायचंय? कडवं सुंदर आहे, वेदश्री खूश आहे, लक्कव्वाची इज्जत राहते. ते ऐकत होते. मग म्हणाले, शकुंतला होती तेव्हा मी काहीही सांगायला लागलो की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, तसं नाही हो ते. बेळगावचं लग्न एकोणऐंशी सालचं नाही, ऐंशीचं. मामा काळे नव्हते, सावळे होते. मला राग यायचा. आता मी ते लग्न कुठल्याही सालात नेऊन ठेवतो, कुणी अडवत नाही. हळूहळू मलाच खात्री वाटेनाशी झाली की ते लग्न झालं होतं.

एवढं बोलून त्यांनी पानं एकत्र केली आणि म्हणाले, उद्या हुबळीला जातो. तिला वाचून दाखवतो.

मी चिडलो. तारखा तोंडावर, वेदश्रीचे दिवसाला चार फोन. पण माईक माझ्यामुळे राहिला होता, म्हणून मीही निघालो. माझी गाडी त्यांनी नाकारली. कोर्टाच्या कामाला पक्षकाराच्या गाडीतून जात नसतात म्हणे. धारवाड-हुबळी धावणाऱ्या चिगरी बसनं गेलो. वाटेत हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात उतरून त्यांनी फायलीची दोरी घेतली, हातगाड्यांच्या गर्दीतच एका दुकानाच्या पायरीवर बसून बासष्ट पानं ओवली आणि गाठ मारली.

वस्तीत शिरताना त्यांची चाल मंदावली. मी विचारलं, दमलात का? ते म्हणाले, या भागातली माणसं मी आयुष्यभर पाहिली ती साक्षीच्या पिंजऱ्यात. घर कुणाचं पाहिलं नाही. हे त्यांनी खालमानेनं सांगितलं. मला ते आवडलं, कारण आमच्या पिढीत हे एवढंही कुणी म्हणत नाही.

लक्कव्वानं मला ओळखलं, त्यांना अर्थातच नाही. त्यांनी मात्र घराकडे असं पाहिलं की जणू ते तिथं राहून गेलेत. पंखा कुठं कुरकुरतो, कुठली खिडकी आपटते, त्यांना सगळं ठाऊक होतं. राणीनं चहा आणला आणि कप ठेवून, हे आमच्या घरचा चहा पितात की नाही ते बघत उभी राहिली. मुकुंदरावांनी कप उचलला, प्यायला, आणि चहाला आलं जास्त झालं म्हणाले. राणी हसली. मग चष्मा पुसून त्यांनी वाचायला सुरुवात केली.

त्यांचा वाचायचा आवाज एकदम सपाट. रडण्यालाही तोच, हसण्यालाही तोच. ‘साक्षीदार हसते’ हेसुद्धा वाचायचे. पहिली दहा पानं लक्कव्वाला मजा वाटली. मी असं बोलले? हौदु, होय, बोलले की. मग मात्र ती गुडघ्यावर हनुवटी टेकून ऐकत राहिली. आपलं सगळं आयुष्य कुणीतरी न घाईनं, न हळहळता आपल्याला परत सांगतंय, हे तिला नवं असावं. कोळशाच्या पाटीनं मान वाकडी झालेली, नवऱ्यानं पहिल्यांदा गायला जाऊ दिलं तो दिवस, सहा मैत्रिणींची सहा मरणं. दीड तास झाला. गाण्याची तीन कडवी वाचून झाली आणि मुकुंदराव थांबले.

म्हणाले, “अक्का, पुढे एक पान आहे. माईक काढायचा राहिला होता. ऐकायचं नसेल तर तसं सांगा.”

ती म्हणाली वाच. त्यांनी वाचलं. नळाच्या आवाजासकट.

लक्कव्वा उठून आत गेली. राणीचा चेहरा लाल झाला. आमच्या स्वयंपाकघरातही तुम्हीच का, असं तिनं विचारलं, आणि तिचं बरोबर होतं. मी माफी मागितली. पंखा कुरकुरत होता. मला वाटलं, संपलं, आता निघावं. मुकुंदराव हलले नाहीत. कोर्टात साक्षीदाराला भोवळ आली की थांबतात तसे बसून राहिले.

लक्कव्वा बाहेर आली ती पदरानं तोंड पुसतच. ती रागावली होती, पण आमच्यावर नव्हे असं माझ्या हळूहळू लक्षात आलं. म्हणाली, ते कडवं काढून टाक.

मुकुंदराव म्हणाले, काढता येत नाही. कडवं वाईट नाही अक्का, उलट फार चांगलं आहे.

“चांगलं हाय म्हणूनच भ्या वाटतंय रे,” ती म्हणाली. “वाईट असतं तर लोकांनी टाकून दिलं असतं. आता रायव्वाचं म्हणून हेच चालंल. तिनं काय बांधलं होतं ते माझ्या कडव्याखाली गाडलं जाईल. मातीपण मी दिली तिला, आणि हे पण मीच करू?”

रायव्वाचं तिसरं कडवं जगात फक्त या एका बाईच्या डोक्यात उरलं होतं, आणि तिथूनही ते निसटलं होतं. त्या दिवशी माईक न काढता चहा पीत बसल्याची मला लाज वाटली.

मग मुकुंदरावांनी समजावलं. कोर्टात बोललेलं खोडत नाहीत. पण वाचून दाखवल्यावर साक्षीदाराला चुकलं असं वाटलं, तर तो दुरुस्ती सांगतो आणि ती खाली लिहितात. आधीचं राहतं, दुरुस्तीही राहते. लक्कव्वानं विचारलं, दोन्ही राहतात? दोन्ही राहतात, ते म्हणाले. तिनं पदर सारखा केला. मग ताठ बसली, त्या दिवशी गाण्याआधी बसली होती तशी, आणि सांगू लागली. त्यांनी हातानं लिहिलं.

“तिसरं कडवं माझं हाय, रायव्वाचं न्हाई. तिचं मी विसरले. मला आठवंना म्हणून मी त्या दिवशी जुळवलं. कुणाला रायव्वाचं कडवं ठाऊक असंल तर त्यानं माझ्या घरी यावं आणि मला टोकावं. मी जित्ती हाय तवर यावं.”

त्यांनी ते सपाट आवाजात वाचून दाखवलं. लक्कव्वानं पेन घेतलं आणि मोकळ्या सोडलेल्या जागेत एकेक अक्षर करत सही केली. इतक्या फिल्मांत त्या जागेवर झालेली ही पहिली सही. मुकुंदरावांनी त्यावर फुंकर घातली, बॉलपेनची शाई असूनसुद्धा.

निघताना तिनं त्यांना विचारलं, तुझ्या घरी कोण हाय रे टोकायला? ते म्हणाले, कुणी नाही अक्का. तिनं मान डोलावली.

वेदश्रीला मी सगळं सांगितलं तेव्हा ती आधी वैतागली, मग दोन दिवस फोन उचलला नाही, मग एकटी कॅमेरा घेऊन आली. लक्कव्वानं तेच शब्द पुन्हा सांगितले, पत्त्यासकट. फिल्म त्यावरच संपते. धारवाडला दाखवली, बेळगावला दाखवली, पुण्यात, सोलापुरात, आणखी कुठं कुठं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत. दोन प्राध्यापक लक्कव्वाकडे जाऊन आले, त्यांना तिची मुलाखत हवी होती. एका बाईनं साडी पाठवली. कडवं घेऊन कुणी आलं नाही.

मुकुंदराव मात्र जायला लागले. महिन्याच्या पहिल्या शनिवारी, चिगरी बसनं. दारातच विचारायचे, कुणी आलं का? लक्कव्वा म्हणायची, न्हाई. मग चहा, आलं जास्त घातलेला. माझी हुबळीत फेरी असली की मीही डोकवायचो. दोघं फारसं बोलत नसत. एकदा मी परत येताना विचारलं, काका, येणार आहे का कुणी? ते म्हणाले, सहाही जणी गेल्या आहेत, कोण येणार? मग का जाता? त्यांनी खिडकीबाहेर बघत सांगितलं की दार वाजण्याची वाट एकट्यानं बघणं फार वाईट असतं, ते त्यांना ठाऊक आहे.

असं सव्वा वर्ष गेलं. परवाच्या शनिवारी मी गेलो तेव्हा लक्कव्वा दारात बसून अवरे, म्हणजे पावट्याच्या शेंगा, सोलत होती आणि मुकुंदराव आतल्या खुर्चीत पेपर वाचत होते. कुणी आलं का, हे विचारून झालं होतं. तिची नजर आता मंद झाली आहे, शब्दही अधूनमधून हरवतात, राणी सांगत होती. शेंगा सोलता सोलता ती स्वतःशीच गुणगुणायला लागली, तेच कोळशाचं गाणं. पहिलं कडवं झालं. दुसरं सुरू केलं, “शिटी झाली पहाटेची, भाकर थापली गं...”

“बांधली,” मुकुंदराव पेपरातून म्हणाले.

लक्कव्वाचा हात शेंगेवर थांबला. पेपर खाली आला. मुकुंदरावांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, चारचौघांत चूक करून बसलेल्या माणसाचा असतो तसा. ते सावरून घेत म्हणाले, माफ करा अक्का, मी ते चाळीस वेळा तरी ऐकलंय, तोंडातून निघून गेलं.

“परत म्हण,” ती म्हणाली.

त्यांनी म्हटलं. सूर नाही, ताल नाही, तोच कोर्टातला आवाज. “शिटी झाली पहाटेची, भाकर बांधली गं. अंधारात वाट माझी मीच शोधली गं.”

लक्कव्वानं डोळे मिटले. ओठांनी शब्द तपासले. गालावरून पाणी वाहत होतं आणि ते तिनं पुसलं नाही.

“हौदु,” ती म्हणाली. “बरोबर हाय. एकोणीस-वीस वरसं झाली रे मला कुणी टोकून.”

मग तिनं शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून धरलं, आणि मुकुंदरावांनी खुर्ची ओढून दारापाशी आणली.